मैफलीला अख्खं घर घेऊन जा

गाण्याच्या मैफलीला अख्खं घर घेऊन जावं, असं माझं ठाम मत आहे. नवरा-बायकोनं जोडीनं जाणं छानच, मैत्रिणींबरोबर जाणंही छान. पण सासूबाई, आम्ही दोघं, अकरावीतली मुलगी आणि तिसरीतला धाकटा असे पाचही जण शेजारी-शेजारी बसून तीन तास समोरचं गाणं ऐकतो, तेव्हा जो आनंद होतो तो मला ना सिनेमाला जाऊन मिळालाय, ना हॉटेलात जेवायला जाऊन, ना सहलीला जाऊन.

हे मुद्दाम लिहायला बसले, कारण "मुलांना कशाला नेता? त्यांना काय कळतंय त्यातलं?" हा प्रश्न सोसायटीच्या लिफ्टमध्येही येतो आणि नाट्यगृहाच्या दारातही. आणि सासूबाईंबद्दल, "त्यांना या वयात कशाला दगदग? घरी टीव्हीवर लावून द्या की." विचारणारी माणसं भली असतात, काळजीनंच विचारतात. पण मुलांना कळत नाही म्हणून नेलं नाही आणि म्हाताऱ्यांना झेपत नाही म्हणून नेलं नाही, तर ज्यांना हे गाणं सगळ्यात जास्त हवंय तीच दोन माणसं घरी राहतात.

गेल्या महिन्यात पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात गेलो होतो. संध्याकाळची मैफल, गायिका आजच्या पिढीतल्या. आम्ही गोरेगावचे, त्यामुळे पार्ला तसं हाकेच्या अंतरावर. तरी सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आम्ही तासभर आधीच निघालो. त्याचा फायदा असा झाला की पडदा उघडल्यावर वाद्यं जुळवण्याचा भाग आम्हाला पूर्ण मिळाला. बरेच लोक याच वेळात आत येतात, खुर्च्या शोधतात, ओळखीच्यांना हात करतात. माझ्या मते मैफल तिथेच सुरू झालेली असते, आणि मुलांना दाखवण्यासारखं तर त्या दहा मिनिटांत भरपूर असतं.

दोन तंबोरे होते. गायिका काळी चारमध्ये गाणाऱ्या, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. आधी खुंट्या पिळून ढोबळ सूर लावला, मग तारेवरचे मणी खाली-वर सरकवून बारीक फरक काढला. मग त्यांनी तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ वाकून तारेखालचा दोरा केसभर सरकवला, आणि आतापर्यंत नुसती वाजणारी तार एकदम खुलली, तिच्यातून गुंजन सुटायला लागलं. ती जवारी. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेवर त्या बराच वेळ थांबल्या होत्या. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, गंधार आला बघ." मुलगी म्हणाली, "कुठे? गंधाराची तार कुठे आहे?"

गंधाराची, म्हणजे 'ग'ची तार नव्हतीच. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, एवढ्याच चार तारा. पण खर्ज नीट लागला की त्याच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. माझा नवरा इंजिनीअर. त्यानं तिथल्या तिथे लेकीला सांगितलं, की तुझ्या फिजिक्सच्या पुस्तकात तारेच्या कंपनांचा जो धडा आहे ना, हार्मोनिक्सचा, त्यातला पाचवा हार्मोनिक म्हणजे हा गंधार. एक तार कंप पावते तेव्हा तिच्या मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी कंपनंही सोबत चालू असतात. जवारीमुळे ती वरची कंपनं जोरकस होतात आणि कानाला सापडतात. मुलीनं डोळे मिटले, थोडा वेळ तशीच बसली आणि मग तिनं माझा हात घट्ट धरला. तिला सापडला होता. तोच धडा ती क्लासमध्ये शिकली होती, परीक्षेत त्यावर गणितं सोडवली होती. आजीनं कानानं ओळखलेली आणि बाबानं पुस्तकातून ओळखलेली एकच गोष्ट तिला एकाच मिनिटात दोघांकडून मिळाली. हे घरी मोबाइलवर लावलेल्या गाण्यात झालं असतं का? नसतं. बहुतेक ध्वनिमुद्रणात जुळवाजुळव कापूनच टाकलेली असते.

मग पूरिया धनाश्री राग सुरू झाला. विलंबित एकताल, इतका संथ की तालाच्या एका फेरीला, आवर्तनाला, पाऊण मिनिट लागत होतं. धाकटा चुळबुळ करणार अशी माझी पूर्ण तयारी होती. पण सासूबाईंनी त्याला कामाला लावलं. एकतालाच्या बारा मात्रांत 'तिरकिट' दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. बारा संपल्या की पुन्हा पहिली मात्रा, ती सम. त्या म्हणाल्या, "दुसरं तिरकिट आलं की समजायचं, सम जवळ आली. मग बाई काय करतात ते बघ." बस्स. पोरगं तबलजींच्या हातावर नजर लावून बसलं. पहिलं तिरकिट गेलं, एक बोट. दुसरं आलं, दोन बोटं, आणि तो खुर्चीच्या कडेवर सरकला. गायिका तर कुठेतरी वर निषादाच्या आसपास फिरत होत्या, परत येण्याचं नाव नाही. उरलेल्या दोन मात्रांमध्ये त्या अशा काही उतरल्या आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर आल्या की सगळ्या सभागृहातून एकदम "वाह!" आलं. त्यात त्याचाही आवाज होता. पुढच्या ओळीतल्या काकांनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं रागावणार. त्यांनी हसून मान डोलावली.

म्हणून म्हणते, मुलांना कळत नाही हे खरं नाही. राग ओळखता येणं, स्वर लिहिता येणं हे पुढचं. सम कुठे येतेय याची वाट बघणं आणि ती आल्यावर सुटल्यासारखं वाटणं, एवढं आठ वर्षांच्या मुलाला पुरतं. त्यासाठी शेजारी एक जाणतं माणूस हवं आणि समोर वाजवणारे हात दिसायला हवेत. नुसतं ऐकून त्याला ते सापडलं नसतं. दाद देणारे पाचशे लोक आजूबाजूला नसते तर "आत्ता काहीतरी झालं" हेही त्याला समजलं नसतं.

मुलीचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. ती गायिकेपेक्षा मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येकडे बघत होती. असेल ती वीस-एकवीस वर्षांची. सुरुवातीचा अर्धा तास नुसती तार छेडत बसली होती. मग गुरूंनी एक आलाप अर्ध्यावर सोडला आणि न वळता नुसता डावा हात किंचित मागे केला. त्या मुलीनं तिथूनच तो उचलला, दोन-चार स्वर पुढे नेला आणि परत गुरूंच्या हाती दिला. आवाज जरासा कापला होता. गुरूंनी "हं" म्हटलं. पुढच्या वेळी हात मागे झाला तेव्हा तिचा आवाज कापला नाही. मध्यंतरात लेक मला म्हणाली, "आई, त्या तिला सगळ्यांसमोर शिकवतायत." तिच्या वयाच्या आसपासची मुलगी एवढ्या लोकांसमोर चाचरते, सावरते आणि तिची गुरू तिच्यावर भरवसा ठेवून पुन्हा संधी देते, हे तिला दिसलं. मी तिला हे दहा वेळा सांगून पटलं नसतं.

मध्यंतरात दीनानाथचा बटाटावडा झाला, तो तर व्हायलाच हवा. रांगेत नवरा उभा राहिला आणि आम्ही सासूबाईंजवळ थांबलो. तिथे त्यांनी जे सांगितलं, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं माहेर गिरगावात. गणपतीत दोन चाळींच्या मधल्या जागेत मांडव पडायचा आणि रात्री गाणं व्हायचं. मोठमोठे गवई यायचे. खाली सतरंज्या आणि वरच्या गॅलऱ्यांमध्ये बायका-मुलं. त्यांचे वडील गिरणीत कारकून. गाणं शिकलेले नव्हते, पण ऑपेरा हाऊसजवळच्या लक्ष्मीबागेत बैठक असली की लेकीला घेऊन जायचे. जाताना देवधर मास्तरांच्या संगीत विद्यालयाकडे बोट दाखवून सांगायचे, इथे कुमार गंधर्व शिकले. ते विद्यालय १९२५ सालचं. सासूबाई म्हणाल्या, "तिरकिटाची खूण मला त्यांनीच सांगितलेली. मी तेव्हा याच्याएवढीच असेन." आणि त्यांनी धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आमच्या घरात त्या वडिलांचा एकच फोटो आहे, टोपी घातलेला, जरा कडक चेहऱ्याचा. माझ्या मुलांसाठी ते आतापर्यंत भिंतीवरचे पणजोबा होते. आता ते मांडीवर ताल धरणारे पणजोबा आहेत. इतक्या वर्षांत आम्ही सासूबाईंना त्यांच्या लहानपणाबद्दल कितीदा विचारलं, त्या "काय सांगायचं त्यात" म्हणून विषय बदलत. पूरिया धनाश्री ऐकल्यावर कुणी न विचारता बोलल्या.

मी ध्वनिमुद्रणाच्या विरोधात मुळीच नाही. सासूबाई आयुष्यभर आकाशवाणी मुंबई 'ब'वर गाणं ऐकत आल्या आहेत, माझाही कान त्यावरच घडला. जी माणसं आपल्यातून गेली त्यांचं गाणं आपल्याला त्यामुळेच मिळतं. पण आज आमच्या दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळी प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं असतं. मुलीच्या कानात कोरियन, नवऱ्याच्या कानात जुनी हिंदी, सासूबाईंच्या उशाशी अभंग. प्रत्येकाची आवड आहे, असू दे. पण महिन्यातून, दोन महिन्यांतून एकदा तरी घरातल्या सगळ्यांच्या कानांवर एकाच वेळी एकच सूर पडावा, यासाठी मी धडपडते. डग्ग्याची घुमक छातीत जाणवते, ती इअरफोनमधून जाणवत नाही. आणि ती आपल्याबरोबर शेजारच्यालाही त्याच क्षणी जाणवतेय, हे कळण्यातही सुख आहे.

मुंबईत यासाठी जागांची कमतरता नाही, हे आपल्याला जाणवत नाही इतकं ते अंगवळणी पडलंय. माटुंगा-सायनच्या मधलं षण्मुखानंद घ्या. १९९० मध्ये तिथे आग लागली होती, मग सगळं पुन्हा उभं राहिलं, आणि आज तिथे पावणेतीन हजारांच्या आसपास माणसं एका वेळी गाणं ऐकू शकतात. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर १९८० साली सुरू झालं. फिलिप जॉन्सन हे वास्तुविशारद आणि सिरिल हॅरिस हे ध्वनितज्ज्ञ. श्रोते कलाकाराभोवती पंख्यासारखे बसतात, त्यामुळे मागच्या रांगेतही आपण लांब आहोत असं वाटत नाही. मुलांना एकदा तरी तिथे न्याच. दादर-माटुंगा कल्चरल सेंटर १९५३ पासून आहे. आणि उपनगरांतली छोटी म्युझिक सर्कल्स, म्हणजे गाण्याच्या बैठका करणारी मंडळं, तर मला सगळ्यात प्रिय आहेत. तिथे शंभर-दीडशे माणसं असतात, कलाकाराच्या कपाळावरचा घाम दिसतो, आणि गाणं संपल्यावर मुलं जाऊन तबल्याला हात लावू शकतात. पैशांचं म्हणाल तर ५०० रुपयांपर्यंतच्या संगीताच्या तिकिटावर जीएसटीही नाही, आणि अनेक सर्कल्समध्ये वर्षाची वर्गणी भरली की झालं. पाच जणांनी मॉलमध्ये सिनेमा पाहून पॉपकॉर्न खाल्लं तर किती होतात, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आता आयोजकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि मनापासून सांगायच्या आहेत, कारण तुम्ही पदरमोड करून हे सगळं करता याची मला जाण आहे.

मुलं गाण्याला कंटाळत नाहीत, भाषणांना कंटाळतात. दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग प्रायोजकांचं मनोगत, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांना शाल दिली त्यांचे दोन शब्द. साडेसहाची वेळ असते आणि पहिला षड्ज सव्वासातला लागतो. एवढ्या वेळात लहान मुलाची बसण्याची ताकद संपलेली असते, आणि मग तो बरोबर आलापीच्या वेळी "घरी कधी जायचं?" विचारतो. दोष त्याला मिळतो. सत्कार मध्यंतरानंतर घ्या, पाच मिनिटांत घ्या, पण आधी सूर लागू द्या.

दुसरं, सकाळच्या मैफली वाढवा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत मिळते, तेवढंच. नियम योग्यच आहे, रुग्णांना आणि अभ्यास करणाऱ्या मुलांना शांतता हवीच. बंद सभागृहाला तो नियम लागू नाही, पण शेवटची लोकल सगळ्यांनाच गाठायची असते. त्यामुळे आपल्या मैफली संध्याकाळी साडेसहा ते दहा या वेळात अडकल्या आहेत. आपल्याकडे रागाची गाण्याची वेळ ठरलेली, म्हणून संध्याकाळ-रात्रीचे यमन, पूरिया धनाश्री, मारवा, बागेश्री पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. सकाळ-दुपारचे ललत, तोडी, सारंग, मुलतानी प्रत्यक्ष कधी ऐकणार? आपल्या मुलांना हे राग फक्त ध्वनिमुद्रणातच माहीत राहतील. दिवाळी पहाटेला आपण सगळं घर पाचला उठवून, अभ्यंगस्नान उरकून गाण्याला जातोच ना? मग एरवीच्या एखाद्या रविवारी साडेसातला का नाही जाऊ शकणार? लहान मुलं आणि म्हातारी माणसं, दोघंही सकाळी ताजीतवानी असतात. लोकल रिकाम्या असतात. अकरापर्यंत घरी येऊन वरण-भाताचा कुकर लावता येतो.

हे अशक्य नाही, हे मुंबईनं पाहिलंय. उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० रोजी गेले. त्यानंतर झाकीर हुसेन दरवर्षी ३ फेब्रुवारीला षण्मुखानंदमध्ये त्यांची बरसी, म्हणजे पुण्यतिथीची मैफल, करत. पहाटे सुरू व्हायची ती रात्रीपर्यंत. कामाचा वार असला तरी माणसं अंधारात घराबाहेर पडून यायची. एका मुलानं वडिलांसाठी सगळ्या शहराला बोलावलेलं असायचं. माहीमला वाढलेला तो तबलजी डिसेंबर २०२४ मध्ये गेला. तेव्हा माझ्या धाकट्यानं विचारलं होतं, आपण त्यांना ऐकलंय का? मी त्याला कडेवर घेऊन एकदा गेले होते. त्याला आठवत नाही. मला आठवतं, की तबल्याचे बोल सुरू झाल्यावर त्यानं अंगठा तोंडातून काढला होता.

ज्यांना पहिल्यांदा मुलांना न्यायचंय त्यांच्यासाठी थोडं. घरातून निघायच्या आधी पोटभर खायला घाला. रांगेच्या कडेच्या खुर्च्या घ्या, म्हणजे गरज पडली तर कुणाला न उठवता बाहेर जाता येईल, आणि तेही चालू असलेली चीज, म्हणजे बंदिश, संपल्यावर, मध्येच नाही. किशोरीताई आमोणकर शांततेबाबत किती आग्रही होत्या हे आपल्याला ठाऊक आहे. कलाकाराचा तो हक्कच आहे, आणि मुलांना तो शिकवता येतो. झोप आली तर मांडीवर झोपू द्या. घरी आल्यावर "कुठला राग होता सांग बरं" अशी परीक्षा घेऊ नका. आणि मोबाइल बंद करून पर्समध्ये टाका. आपण स्क्रीनमधून मैफल बघत असलो तर मूलही स्क्रीनच बघणार. दीनानाथला आमच्या पुढे एक गृहस्थ मैफलीच्या शेवटी गातात त्या सबंध भैरवीभर हात वर करून चित्रीकरण करत होते, त्यामुळे मागच्या चार रांगांना गायिकेचा चेहरा दिसला नाही. भैरवीला तरी नको हो. तेव्हा सगळं सभागृह एकत्र आलेलं असतं.

आमचं पुढचं ठरलंय. जानेवारीत झेवियर्सला इंडियन म्युझिक ग्रुपचा जानफेस्ट असतो, कॉलेजच्या चौकात, उघड्या आकाशाखाली. लेकीला तिथे जायचंय, मैत्रिणींना घेऊन. म्हणजे आता तिनं आमच्या घराबाहेरची माणसं जमवायला घेतली आहेत, ह्याचा मला फार आनंद झालाय. सासूबाईंना सकाळची मैफल हवी आहे, तोडी समोर बसून ऐकून फार वर्षं झाली म्हणाल्या. त्यासाठी कुठे सकाळची बैठक असेल तर मला जरूर कळवा, कल्याण-डोंबिवलीपर्यंतही येऊ. अट एकच, जिने कमी असावेत किंवा लिफ्ट असावी. आणि धाकट्याला तबल्याचे हात दिसतील अशी जागा लागते, तेव्हा स्टेजचा नकाशा आधी मिळाला तर फारच बरं होईल.